उंची अडलेली लेक, न वाढणारी पिल्लं आणि पिट्युटरीचे जीन

पत्र: "नमस्कार. आम्ही सोलापूरला शेळगीत राहतो. माझी मुलगी सात वर्षं दोन महिन्यांची आहे. उंची 98 सें.मी., वजन 14 किलो. गेल्या वर्षभरात जेमतेम 3 सें.मी. वाढली. जन्मली तेव्हा 2 किलो 900 ग्रॅमची होती, काही तक्रार नव्हती. दोन वर्षांनंतर मात्र तिचे फ्रॉक लहान होईनात. शाळेत हुशार आहे, पण बालवाडीतली पोरंसुद्धा तिला 'बाळ' म्हणतात. एमआरआयमध्ये पिट्युटरीचा पुढचा भाग खूप लहान, देठ आणि मागचा भाग जागेवर, असं लिहून आलंय. टीएसएच 2.1 आहे, म्हणजे थायरॉइड ठीक, असं लॅबवाला म्हणाला. आता क्लोनिडीन टेस्ट आणि जीनची तपासणी सांगितली आहे. माझे मिस्टर म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. मोठा मुलगा 11 वर्षांचा, त्याची उंची व्यवस्थित आहे. मोहोळ रस्त्याला आमचं वराहपालन आहे, 12 माद्या आहेत. यंदा एका मादीची दोन पिल्लं दोन महिन्यांची झाली तरी पाच-पाच किलोचीच, बाकीची भावंडं 13-14 किलोची. डुकराच्या आणि माणसाच्या पिट्युटरीचे जीन सारखेच असतात, असं मिस्टरांनी मोबाइलवर वाचलं. तेव्हापासून सासूबाईंचं एकच चाललंय, लेकरू पोटात असताना तू शेडमध्ये राबलीस, त्याचंच हे फळ. ओळखीच्या एकांनी डुकराच्या पिट्युटरीपासून केलेलं औषध सुचवलंय. आम्हाला अजून एक मूल हवं आहे. काय करावं?" - एक आई, सोलापूर

ताई, सगळ्यात आधी हा एवढा भाग सासूबाईंना वाचून दाखवा. शेडमध्ये काम केल्यानं, डुकरांना हात लावल्यानं किंवा त्यांचं मटण खाल्ल्यानं पोटातल्या बाळाची पिट्युटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली हार्मोनं बनवणारी छोटी ग्रंथी, बिघडत नाही. जीन, म्हणजे जनुकं, अशी एका प्राण्यातून दुसऱ्यात उडी मारत नाहीत. तुमच्या लेकीची सगळी लक्षणं पाहता हा आजार अशा प्रकारचा दिसतो, की ज्यात बदललेल्या जीनची एक प्रत आईकडून आणि एक प्रत वडिलांकडून यावी लागते. एकच प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. म्हणजे तुम्ही दोघंही निरोगी, तुमचे आईवडील निरोगी, आणि तरी तो बदल घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या असू शकतो. यात एकट्या सुनेला धरण्यासारखं काहीही नाही.

मिस्टरांनी वाचलं ते खरं आहे, पण त्यातून निघणारा अर्थ वेगळा. मोठ्या माणसात पिट्युटरी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते. गर्भ चार आठवड्यांचा असताना त्याच्या तोंडाच्या छतातून पेशींची एक पिशवी वर उठते, तिला राथकेची पिशवी म्हणतात. त्याच सुमाराला मेंदूच्या तळातून एक कोंब खाली उतरतो. पिशवीतून पिट्युटरीचा पुढचा भाग तयार होतो, कोंबातून मागचा भाग आणि देठ. डुकराच्या गर्भातही असंच होतं. गाभणकाळ 114 दिवसांचा असल्यानं सगळं लवकर उरकतं, एवढाच फरक.

आता त्या पिशवीतल्या पेशींनी पुढे काय व्हायचं, हे काही जीन क्रमाने ठरवतात. सुरुवातीला एचईएसएक्स-1 चालू होतो. मग एलएचएक्स-3 आणि एलएचएक्स-4 पिशवीची ग्रंथी करायला घेतात. त्यानंतर प्रॉप-1 येतो. तो एचईएसएक्स-1 ला बंद करतो आणि पिट-1 ला, ज्याचं आताचं नाव पीओयू1एफ1, चालू करतो. पिट-1 मुळे तीन जातीच्या पेशी तयार होतात: वाढीचं हार्मोन बनवणाऱ्या, दुधाचं म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या, आणि थायरॉइडला हाकणारं टीएसएच बनवणाऱ्या. आजारपणात शरीर सावरून धरणाऱ्या कॉर्टिसॉल या हार्मोनाला हाकणाऱ्या एसीटीएचच्या पेशींचा रस्ता वेगळा, तिथे टीबीएक्स-19 लागतो. वयात येण्याच्या हार्मोनांसाठी आणखी वेगळे जीन.

या क्रमाकडे नीट बघा, कारण तुमच्या लेकीच्या तपासण्या कोणत्या करायच्या आणि किती वर्षं करत राहायच्या, हे सगळं त्यावरून ठरतं. जीन जेवढा सुरुवातीचा, नुकसान तेवढं पसरलेलं. एचईएसएक्स-1 मध्ये दोष असेल तर ग्रंथीबरोबर डोळ्यांच्या नसाही लहान राहू शकतात. एलएचएक्स-3 मध्ये दोष असलेल्या मुलांना बरेचदा मान पूर्ण वळवता येत नाही, ऐकूही कमी येतं. एलएचएक्स-4 मध्ये मागचा भाग भलत्याच जागी सापडतो. पिट-1 गेला तर वर सांगितलेली तिन्ही हार्मोनं जातात. प्रॉप-1 गेला तर ती तिन्ही, शिवाय वयात येण्याची हार्मोनं जातात, आणि कॉर्टिसॉल तर कधी दहा, कधी वीस वर्षांनी हळूच उतरतं. प्रॉप-1 चा आणखी एक धोका आहे: काही मुलांत ग्रंथी लहान दिसण्याऐवजी सुरुवातीला फुगलेली दिसते आणि नंतर आक्रसते. एमआरआयवर ती गाठ समजून ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

हे जीन सापडले त्यात उंदरांचा मोठा वाटा आहे. स्नेल नावाच्या बुटक्या उंदरांत पिट-1 चा दोष 1990 साली कळला आणि 1992 मध्ये माणसांत. एम्स नावाच्या बुटक्या उंदरांत प्रॉप-1 चा दोष 1996 साली, माणसांत 1998 मध्ये. डुकराचे हे तिन्ही जीन, एलएचएक्स-3, प्रॉप-1 आणि पिट-1, संशोधकांनी वेगळे काढून माणसाच्या जीनशी ताडून पाहिले आहेत. माणसात पिट-1 तिसऱ्या गुणसूत्रावर, डुकरात तेराव्या. प्रॉप-1 माणसात पाचव्यावर, डुकरात दुसऱ्यावर. पत्ता वेगळा, पण या प्रथिनांचा जो भाग डीएनएला जाऊन चिकटतो, तो दोन्हींत जवळजवळ सारखाच. मिस्टरांनी वाचलेला सारखेपणा तो हा. आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी डुकराचे आणि आपले पूर्वज वेगळे झाले तरी ही व्यवस्था फारशी बदलली नाही, कारण तिच्यात बिघाड झालेलं पिल्लू किंवा मूल पूर्वी तगतच नसे किंवा त्याला पुढे संतती होत नसे.

आता तुमच्या लेकीकडे येऊ. सात वर्षांच्या मुलीची आपल्याकडची सरासरी उंची साधारण 118 ते 120 सें.मी. 98 ही साडेतीन वर्षांच्या मुलीची उंची झाली. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला 5 ते 6 सें.मी. वाढतं, तिची वाढ 3. जन्मवजन चांगलं होतं आणि नंतर वाढ मंदावली, ही नोंद फार मोलाची आहे. पोटात असताना बाळाची वाढ पिट्युटरीच्या हार्मोनावर चालत नाही, ती वारेवर, आईच्या पोषणावर आणि इन्सुलिनसारख्या इतर घटकांवर चालते. त्यामुळे पिट्युटरीचा दोष असलेलं बाळ बहुधा नेहमीच्या वजनाचं जन्मतं आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर मागे पडतं.

क्लोनिडीन टेस्ट म्हणजे गोळी देऊन वाढीचं हार्मोन किती सुटतं ते पाहणं. तिची तारीख घेण्याआधी दोन गोष्टी करून घ्या.

एक, फ्री टी-4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन. टीएसएच 2.1 आहे म्हणून थायरॉइड ठीक, हे तुमच्या लेकीला लागू नाही. टीएसएच पिट्युटरीतच बनतं. पिट्युटरीच कमजोर असेल तर थायरॉइड उतरलं तरी टीएसएच वर चढत नाही. ते 2 च काय, 4 सुद्धा दिसेल आणि टी-4 मात्र तळाला असेल. म्हणून टी-4 पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. टी-4 कमी असताना वाढीच्या हार्मोनाची टेस्ट केली तर तीही खोटी कमी येते. म्हणजे आधी थायरॉइड सावरायचं, मग टेस्ट.

दोन, सकाळी 8 च्या सुमाराचं कॉर्टिसॉल. दुपारचं नको, कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि दिवसभरात उतरत जातं. 3 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आलं तर कमतरता जवळजवळ नक्की; 15 च्या पुढे असेल तर काळजी नाही; मधलं आलं तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन पाहावं लागतं. हे आधी का? टी-4 आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी असलेल्या मुलाला थायरॉइडची गोळी आधी सुरू केली, तर शरीर उरलंसुरलं कॉर्टिसॉल भराभर संपवतं आणि मूल उलट्या, साखर उतरणं, बेशुद्धी अशा अवस्थेत दवाखान्यात येतं. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची गोळी, आधी; थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, नंतर. हा क्रम चुकवायचा नाही. डॉक्टर बदलला, गाव बदललं, तरी प्रत्येकाला सांगायचा. याच रक्तात प्रोलॅक्टिन आणि आयजीएफ-1, म्हणजे वाढीच्या हार्मोनामुळे शरीरात बनणारा घटक, घ्या. सहज कधीतरी घेतलेलं वाढीचं हार्मोन मात्र पैसे वाया घालवणं आहे. ते दिवसातून काही वेळा, मुख्यतः झोपेत, झटक्यानं सुटतं आणि एरवी निरोगी मुलातही शून्याजवळ असतं. डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहिलं नसेल तर तेही घ्या.

क्लोनिडीनच्या दिवशी रात्रीपासून उपाशी ठेवायचं, पाणी चालतं. गोळी रक्तदाबाची आहे. किलोला 5 मायक्रोग्रॅम धरले तर तुमच्या लेकीला 70 मायक्रोग्रॅम, म्हणजे 100 च्या गोळीचा पाऊण भागाहून थोडा कमी; नक्की डोस डॉक्टर ठरवतील. हाताला सुई लावून ठेवतात आणि गोळीआधी, मग दर अर्ध्या तासानं, दीड-दोन तासांपर्यंत रक्त घेतात. मूल पेंगतं, रक्तदाब उतरतो. उठवून संडासला एकटीला पाठवू नका. संपल्यावर खारी बिस्किटं, ताक, जेवण द्या आणि तासभर तिथेच थांबा. घरी नेताना मोटरसायकलवर पुढे बसवून नेऊ नका, रिक्षा करा. वाढीचं हार्मोन कमी असलेल्या लहान मुलांची साखर उपाशीपोटी उतरू शकते; म्हणून सुरुवातीलाच ग्लुकोमीटरवर साखर बघायला सांगा. वाढीच्या हार्मोनाचा सर्वांत जास्त आकडा 10 च्या खाली आला की कमतरता धरण्याची पद्धत जुनी आहे, आता बरेच तज्ज्ञ 7 धरतात. एकाच टेस्टवर शिक्का मारत नाहीत, दुसरी बहुधा ग्लुकॅगॉनची करतात. तिला तीन तास लागतात आणि तिच्यात उलटी व उशिरा साखर उतरणं, हे दोन त्रास होतात. त्या दिवशी दुपारपर्यंत मोकळं होऊ, असा बेत ठेवू नका.

जीनची तपासणी कशासाठी आणि कुठून सुरू करायची? तुमच्या अहवालातल्या तीन गोष्टी जोडून बघा. पुढचा भाग लहान, पण देठ अखंड आणि मागचा भाग जागेवर. डोळे, मान, कान यांची तक्रार नाही. आईवडील नात्यातले. यावरून एचईएसएक्स-1, एलएचएक्स-3, एलएचएक्स-4 ही सुरुवातीची मंडळी मागे पडतात. टी-4, प्रोलॅक्टिन आणि कॉर्टिसॉल चांगले आले, म्हणजे फक्त वाढीचंच हार्मोन कमी निघालं, तर पहिला संशय जीएचआरएचआर या जीनवर घ्यावा. मेंदू जीएचआरएच नावाचा निरोप पाठवतो आणि पिट्युटरीच्या पेशींवरचा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, तो झेलतो. हा जीन त्या ग्राहकाचा. निरोप पोचत नाही म्हणून त्या पेशी हार्मोन बनवत नाहीत, आणि त्यांची संख्याही वाढत नाही. ग्रंथी लहान दिसते ती त्यामुळे. हा ग्राहक 423 अमिनो आम्लांचा असतो. भारतीय उपखंडात वारंवार सापडणाऱ्या बदलात 72 व्या जागीच 'थांब' अशी खूण येते आणि पुढचं प्रथिन बनतच नाही. 1996 साली एका भारतीय कुटुंबात तो पहिल्यांदा नोंदला गेला, पुढे 1998 मध्ये सिंधमधल्या एका मोठ्या कुळातही. आपल्या पश्चिम भारतात वाढीच्या हार्मोनाच्या एकट्या कमतरतेत हाच बदल सर्वांत जास्त वेळा निघतो. म्हणून अख्खं पॅनेल, म्हणजे अनेक जीनची एकत्र तपासणी, करण्याआधी हा एकच बदल तपासता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. खर्च आणि वेळ, दोन्ही वाचतात.

टी-4 किंवा प्रोलॅक्टिन कमी आलं तर गोष्ट फिरते. मग पिट-1 आणि प्रॉप-1 आधी, आणि पॅनेल किंवा एक्सोम, म्हणजे जवळजवळ सगळ्या जीनची एकत्र तपासणी, करणं योग्य. नमुना म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत 2-3 मि.ली. रक्त, लेकीचं आणि तुम्हा दोघांचंही. आईवडिलांचं रक्त सोबत नसेल तर मिळालेला बदल खरोखर दोघांकडून आला का, हे कळत नाही. अहवाल यायला चार ते सहा आठवडे धरा. त्यात 'अर्थ निश्चित नाही' असा शेरा आला तर त्यावर कोणताही निर्णय घेऊ नका, पुढचं मूल तर नाहीच. आणि काहीच सापडलं नाही, तरी आजार नाही असं होत नाही. दोन-तीन हार्मोनं एकत्र कमी असलेल्या बहुसंख्य मुलांत आजही जीन सापडत नाही. एक फट लक्षात ठेवा: वाढीच्या हार्मोनाचा स्वतःचा जीन, जीएच-1, अख्खाच गळालेला असेल तर साधा एक्सोम तो चुकवू शकतो, कारण त्याच्या शेजारी त्याच्यासारखेच दिसणारे चार जीन आहेत. तशी शंका असेल तर एमएलपीए नावाची वेगळी तपासणी मागतात.

सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला, बालरोग विभागात सुरुवात करता येते. मुलांच्या हार्मोनांच्या तज्ज्ञांकडे जायचं झालं तर पुणे किंवा मुंबई. परळच्या केईएम रुग्णालयात हार्मोनांचा वेगळा विभाग आहे, आणि 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखालच्या केंद्रांत त्याचं नाव आहे. खर्चाची अडचण असेल तर ती तिथे पहिल्याच भेटीत मांडा. जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता कागद नको. देठ आणि मागचा भाग तज्ज्ञाला स्वतः बघायचा असतो. जन्मापासूनच्या वजन-उंचीच्या सगळ्या नोंदी, अंगणवाडीचं कार्डसुद्धा, सोबत ठेवा.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. टेस्टमधून कमतरता पक्की झाली की वाढीच्या हार्मोनाचं इंजेक्शन सुरू करा, जीनच्या अहवालासाठी थांबू नका. अहवाल काहीही आला तरी वाढीचं हार्मोन तेच आणि द्यायचं तसंच. सात वर्षं वय आहे, पुढची पाच-सहा वर्षं मोलाची आहेत.

डुकराच्या पिट्युटरीच्या औषधाचं विचारलंत. नको, आणि त्याचं कारण नुसतं 'भेसळ असेल' हे नाही. अस्सल असलं तरी ते लागू पडणार नाही. डुकराचं वाढीचं हार्मोन आपल्यासारखंच 191 अमिनो आम्लांचं, पण त्यातली जवळजवळ एक तृतीयांश वेगळी. माणसाच्या पेशी ते ओळखत नाहीत. फक्त माणसाचं किंवा माकडाचं चालतं, हे 1950 च्या दशकातच कळलं होतं. एसीटीएचचं मात्र उलट आहे: 39 पैकी एकच अमिनो आम्ल वेगळं, त्यामुळे डुकराच्या रचनेचं एसीटीएच भारतात आजही कॉर्टिसॉलच्या तपासणीत वापरतात. म्हणजे ग्रंथी घडवणारे जीन सारखे असले तरी त्या ग्रंथीतून निघणारं प्रत्येक हार्मोन सारखं असेलच असं नाही. पूर्वी मृत माणसांच्या पिट्युटरीतून हे हार्मोन काढत. त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा आजार झाला आणि 1985 साली ते थांबलं. त्याच वर्षापासून प्रयोगशाळेत बनवलेलं माणसाचं हार्मोन मिळू लागलं. तुमच्या लेकीला मिळेल ते हे.

डोस रोज रात्री किलोला 0.025 ते 0.035 मि.ग्रॅ. 14 किलोला 0.35 ते 0.49 मि.ग्रॅ. 1 मि.ग्रॅ. म्हणजे 3 युनिट, म्हणून साधारण 1 ते 1.5 युनिट. चुका इथे होतात. पेन असेल तर प्रश्न कमी, पण स्वस्त पडते म्हणून कुपी घेतली आणि इन्सुलिनच्या सिरिंजनं भरली, तर सिरिंजवरचे आकडे इन्सुलिनचे असतात, या औषधाचे नव्हेत. समजा 4 युनिटची कुपी 1 मि.ली. पाण्यात विरघळवली. 1 युनिट म्हणजे पाव मि.ली. लाल टोपीच्या 40 च्या सिरिंजवर ते 10 व्या खुणेवर येतं, 100 च्या सिरिंजवर 25 व्या. '1' च्या खुणेपर्यंत भरलं तर लेकराला दहावा-पंचविसावा हिस्साच मिळतो आणि वर्षानं 'औषध लागू पडत नाही' असं ऐकावं लागतं. नर्सकडून तुमच्याच सिरिंजवर मार्करनं खूण करून घ्या. विरघळवताना कुपी हलवायची नाही, तळहातांत हळू फिरवायची. मांडी, पोट, कुल्ला अशी जागा रोज बदला, नाहीतर तिथली चरबी खड्डा पडल्यासारखी जिरते.

औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं. एप्रिल-मेमध्ये सोलापूर 40 च्या पुढे जातं, त्यात लाइट गेली तर फ्रिज उघडू नका. फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. गोठलेलं औषध नंतर साधं दिसलं तरी निकामी झालेलं असतं, टाकून द्यायचं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना थंड पिशवीत बर्फाचा पॅक टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा, औषध बर्फाला थेट टेकू देऊ नका, आणि पिशवी बाकाखाली न टाकता जवळ घ्या.

पहिल्या वर्षात 8 ते 12 सें.मी. वाढ दिसायला हवी. घरी दर आठवड्याला मोजून स्वतःचा आणि तिचा जीव टांगणीला लावू नका. तीन महिन्यांनी एकदा, सकाळी, अनवाणी, टाच-कुल्ला-पाठ भिंतीला लावून, डोक्यावर काटकोनी पुस्तक ठेवून, तीनदा मोजा आणि सरासरी लिहा. डोकेदुखीसोबत उलटी किंवा दिसण्यात फरक वाटला, किंवा ती लंगडायला लागली, मांडी-गुडघा दुखतो म्हणाली, तर इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या काही महिन्यांत टी-4 आणि कॉर्टिसॉल पुन्हा तपासायचं, कारण झाकलेली कमतरता हे हार्मोन सुरू केल्यावर उघडी पडते. जीएचआरएचआर निघाला तर पुढे बाकीची हार्मोनं शाबूत राहतात, वयातही ती येईल, थोडी उशिरा. प्रॉप-1 निघाला तर मात्र सहा महिने ते वर्षानं कॉर्टिसॉल, तेही मोठेपणीसुद्धा. तिच्या दप्तरात तशी चिठ्ठी हवी, आणि कॉर्टिसॉल उतरलेलं असेल तर तापात गोळी दुप्पट-तिप्पट कशी करायची, उलट्या थांबत नसतील तर 50 मि.ग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे घरातल्या दोघांना तरी यायला हवं. जीनचं नाव कळण्याचा खरा उपयोग हा आहे.

पिल्लांचं थोडक्यात. ती दोन पिल्लं जन्मतानाच किलोपेक्षा हलकी होती का? असतील तर पिट्युटरीचा संबंध जवळपास नाही. गर्भाशयात दाटी झाली, मागची, कमी दुधाची आचळं वाट्याला आली, आणि तिथून ती मागेच राहिली. तिसऱ्या दिवशी 200 मि.ग्रॅ. लोहाचं इंजेक्शन चुकलं का, जंताचं औषध झालं का, डायरिया किंवा खोकला येऊन गेला का, हे पशुवैद्यकांबरोबर बघा. पाय आखूड आणि धड नेहमीचं असेल तर दोष हाडांच्या वाढीचा. डुकरांत तसा एक जीन, सीओएल10ए1, माहीत आहे. जन्मवजन चांगलं, नंतर सगळं अंगच प्रमाणात लहान आणि गुबगुबीत, असं असेल तेव्हाच वाढीच्या हार्मोनाकडे बोट जातं. त्यासाठी जीन तपासणीवर पैसे घालवू नका. नर आणि ती मादी एकाच रक्ताची आहेत का, ते नोंदवहीत पाहा. असतील तर नर बाहेरचा, असंबंधित आणा, त्या वेताची एकही मादी पैदाशीला ठेवू नका, कानात बिल्ले मारा, आणि यापुढे जन्मवजन, 21 व्या आणि 56 व्या दिवसाचं वजन लिहून ठेवा. लेकीच्या आजाराशी या पिल्लांचा काही संबंध नाही.

पुढच्या मुलाचं. दोघांकडे एकेक बदललेली प्रत असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के, 50 टक्के नुसतं वाहक होण्याची, 25 टक्के काहीच नसण्याची. आधीचं एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब होत नाही. चुलत-मामे-आते भावंडांचं लग्न झालं की गंभीर जन्मजात आजाराची शक्यता साधारण 2-3 टक्क्यांवरून 4-6 वर जाते. बहुतेक अशा जोडप्यांची मुलं निरोगीच असतात, पण एक जीन जुळल्याचं कळलं की त्या जीनपुरता आकडा 25 धरायचा. बदल आधी नक्की झाला असेल तर 11 ते 13 आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं, नोंदणीकृत केंद्रातच. बाळाचं लिंग सांगणं कायद्यानं बंद आहे. ही तपासणी करायलाच हवी असं नाही. एकट्या वाढीच्या हार्मोनाची कमतरता उपचारानं सावरते, बुद्धीला धक्का लावत नाही. पुष्कळ आईवडील तपासणी न करता बाळ जन्मल्यावर वाढ बारकाईनं मोजत राहतात, तेही योग्यच. निर्णय तुम्हा दोघांचा, सासरच्या बैठकीचा नव्हे. म्हणून दिवस राहण्याआधी लेकीचा जीन अहवाल हातात असेल तर बरं.

मोठ्या मुलाची उंची चांगली आहे, म्हणजे त्याला आजार नाही. तो वाहक असण्याची शक्यता मात्र तीनात दोन. आता त्याची तपासणी करायची गरज नाही, त्यानं काही बदलत नाही. तो मोठा होऊन लग्नाचं वय झालं आणि स्थळ नात्यातलंच आलं, तर दोघांची तेवढ्या एकाच बदलाची तपासणी करून घ्या. लेकीचा अहवाल तोवर सांभाळून ठेवा, कारण त्यात बदलाचं नेमकं नाव आणि जागा लिहिलेली असते आणि लॅबला शोधायला तेवढंच लागतं.